पोटात डोकावणारा आवाज

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांची सोनोग्राफी झाली आहे? हात वर करा पाहू!

माझ्या चौथीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा सहा हात वर गेले. पण माहिती पुरवायला सुरुवात केली ती ज्यांचे हात खाली होते त्यांनी. "बाई, पोटात सुई घालून फोटो काढतात." "नाही बाई, करंट देतात." "माझ्या काकांची केली ना, तर त्यांना आधी बेशुद्ध केलं होतं." एकानं तर सांगून टाकलं, की माणसाला मशीनच्या आत ढकलतात आणि दार लावून घेतात. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र एकदम गप्प होती. तिचं पोट महिनाभर अधूनमधून दुखत होतं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला तालुक्याच्या गावी सोनोग्राफीला न्यायचं होतं. घरी तिला एवढंच सांगितलं होतं, "काही नाही गं, असंच जाऊन यायचं."

हे 'काही नाही गं' मला मुळीच आवडत नाही. पालक मंडळींनी रागावू नये, पण मोठी माणसं 'काही नाही' म्हणाली, की काहीतरी नक्की आहे हे मुलांना बरोबर कळतं. आणि मग उरलेली माहिती ती मधल्या सुट्टीत गोळा करतात. ती कशी असते, ते वर वाचलंतच! तेव्हा त्या दिवशी आम्ही परिसर अभ्यासाच्या तासाला सोनोग्राफीच घेतली. तोच तास आज तुमच्यासाठी थोडा लांबवून लिहिते.

सगळ्यात आधी सुईचं मिटवून टाकू. पोटाच्या साध्या सोनोग्राफीत सुई नसते, करंट नसतो, बेशुद्ध करत नाहीत आणि कुठं आत ढकलतही नाहीत. बोगद्यासारखं यंत्र असतं ते सीटी स्कॅनचं किंवा एमआरआयचं, ते वेगळं. सोनोग्राफीत तुम्ही नुसते पलंगावर पडून राहायचं. पोटावर फिरतो तो आवाज. होय, आवाजच!

विहिरीत डोकावून 'ओऽ' असं ओरडून पाहिलंय ना? किंवा माथेरानच्या एको पॉइंटवर? आपलाच आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत येतो. कडा जवळ असेल तर लवकर, लांब असेल तर उशिरा. म्हणजे आवाज परत यायला किती वेळ लागला हे मोजता आलं, तर कडा किती लांब आहे ते डोळे मिटूनही सांगता येईल. वटवाघूळ रात्रभर हेच करतं. इटलीतल्या स्पालान्झानी नावाच्या शास्त्रज्ञानं १७९३-९४च्या सुमारास वटवाघळांवर प्रयोग केले. डोळे निकामी केले तरी ती न धडपडता उडत, कान बंद केले की मात्र आपटत. (प्रयोग क्रूर होता, हे खरंच. आज असं करू देणार नाहीत.) पण वटवाघूळ तर काही ओरडताना ऐकू येत नाही! हे कोडं सुटायला १९३८ साल उजाडलं. वटवाघूळ ओरडतं, चांगलं मोठ्यांदा ओरडतं, फक्त तो आवाज आपल्या कानांच्या पट्टीबाहेरचा असतो.

आपल्या कानांना सेकंदाला २० ते २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्याच्या वरचा तो श्राव्यातीत ध्वनी. पुढं विज्ञानाच्या पुस्तकात हा शब्द तुम्हाला भेटेलच. सोनोग्राफीचं यंत्र तर सेकंदाला २० लाखांपासून दीड कोटीपर्यंत कंपनांचा आवाज वापरतं. पोटासाठी कमी कंपनांचा, कारण तो खोल जातो. गळ्यासारख्या वरवरच्या भागासाठी जास्त कंपनांचा, कारण तो खोल जात नाही पण चित्र बारीक काढतो. तुमच्यासारख्या किडकिडीत मुलांच्या पोटात फार खोल जावंच लागत नाही, त्यामुळं मुलांची चित्रं बरेचदा मोठ्यांपेक्षा छान येतात.

हा आवाज काढतो कोण? डॉक्टरांच्या हातात साबणाच्या वडीएवढी एक वस्तू असते, वायरनं यंत्राला जोडलेली. तिला प्रोब म्हणतात. त्यात खास प्रकारचे स्फटिक बसवलेले असतात. त्यांना वीज दिली की ते थरथरतात आणि आवाज काढतात, आणि त्यांच्यावर आवाज आपटला की वीज तयार करतात. म्हणजे तोंडही तेच आणि कानही तेच! स्फटिक दाबला तर वीज निर्माण होते, हे १८८० साली प्येर क्युरी आणि त्याचा भाऊ जाक यांनी शोधलं. प्येर म्हणजे रेडियमवाल्या मादाम क्युरींचे पती. प्रोब क्षणभर बोलतो आणि मग ऐकत बसतो. त्याच्या एकूण वेळातला शंभरावा भागसुद्धा बोलण्यात जात नाही. (आमच्या वर्गानं याच्याकडून काही शिकावं असं मला फार वाटतं.)

शरीराच्या मऊ भागातून आवाज सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगानं जातो. हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. तेव्हा दहा सेंटिमीटर खोलवर जाऊन परत यायला त्याला किती वेळ लागेल? गणित करून पाहा. सेकंदाचे दहा हजार भाग केले, तर त्यातला जेमतेम सव्वा भाग! असे हजारो प्रतिध्वनी मोजून यंत्र पडद्यावर एकेक ठिपका मांडतं, आणि तेही इतक्या भराभर, की चित्र सिनेमासारखं हलतं.

युद्धातून दवाखान्यात

पहिल्या महायुद्धात समुद्राखालच्या पाणबुड्या शोधण्यासाठी पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं अशा आवाजाचा उपयोग करून पाहिला. पुढं कारखान्यात लोखंडाच्या आत बारीक चीर गेली आहे का, हे तपासायला तशीच यंत्रं आली. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात इयान डोनाल्ड नावाचे बायकांचे डॉक्टर होते. त्यांच्या डोक्यात आलं, लोखंडातली चीर दिसते तर पोटातली गाठ का दिसू नये? १९५५ साली ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून चक्क बॉयलरच्या कारखान्यात गेले! कारखान्यातल्या लोकांनी तुलना करण्यासाठी मांसाचा एक मोठा तुकडाही आणून ठेवला होता. पाण्यानं भरलेली गाठ आणि घट्ट मांसाची गाठ, दोघींचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले.

पुढं टॉम ब्राउन या तरुण इंजिनिअरच्या आणि मॅकव्हिकर या डॉक्टरांच्या मदतीनं त्यांनी माणसासाठी यंत्र बनवलं. एका बाईच्या पोटात कॅन्सर आहे, आता काही करता येणार नाही, असं ठरून गेलं होतं. डोनाल्ड यांच्या यंत्रानं दाखवलं, की ही तर पाण्यानं भरलेली भलीमोठी पिशवी आहे. शस्त्रक्रिया करून ती काढली आणि बाई बऱ्या झाल्या. १९५८ साली त्या तिघांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि त्यानंतर सोनोग्राफीकडं कुणी खेळणं म्हणून पाहिलं नाही.

आता तयारी. पालकांनी इथं जरा लक्ष द्यावं, कारण घोटाळे होतात ते इथंच.

पोटाच्या वरच्या भागाची सोनोग्राफी असेल तर उपाशीपोटी बोलावतात. मोठ्यांना साधारण सहा ते आठ तास, लहान मुलांना त्याहून कमी. तान्ह्या बाळाला तर फार थोडा वेळ. नेमके किती तास, ते वेळ घेतानाच विचारायचं. उपाशी का? आपल्या यकृताखाली पित्ताशय नावाची नासपतीच्या आकाराची पिशवी असते. पोट रिकामं असताना ती पित्तानं टम्म भरलेली असते, तेव्हा आत खडे आहेत का ते छान दिसतं. काही खाल्लं, विशेषतः दूध-तूप-तळलेलं, की ती आकसते आणि पित्त आतड्यात सोडते. शिवाय खाण्यापिण्याबरोबर पोटात हवाही जाते, आणि हवा तर या आवाजाची शत्रूच!

माझ्या माहितीतल्या एका मुलाच्या आजीनं 'कोवळं पोर उपाशी कसं ठेवायचं' म्हणून त्याला पहाटे गुपचूप कपभर दूध पाजलं. वर 'सांगू नकोस हं' असंही बजावलं. त्यानं सांगितलं नाही, पण पित्ताशयानं सांगितलं! ते रिकाम्या फुग्यासारखं आकसलेलं होतं. दुसऱ्या दिवशी परत एसटीनं तीस किलोमीटर. आजीच्या मायेला काय बोलणार? पण सकाळची पहिली वेळ मागून घेतली, तर रात्रीचं जेवण झाल्यावर झोपेतच उपास संपून जातो. घोटभर पाणी आणि रोजची औषधं चालतील का, तेही आधी विचारून ठेवावं. मधुमेह असलेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला तर आपल्या मनानं उपाशी ठेवूच नये. डॉक्टरांना सांगून त्यांच्याकडून वेळ ठरवून घ्यावी.

दुसरी तयारी याच्या अगदी उलट. ओटीपोट बघायचं असेल तर तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी पिऊन लघवी धरून ठेवायला सांगतात. मूत्राशय भरलं, की ते हवा भरलेल्या आतड्यांना बाजूला सारतं, आणि पाण्यातून आवाज सहज जात असल्यामुळं मागचं सगळं जणू काचेच्या खिडकीतून दिसतं. मोठ्या मुलींना पाळीच्या वेळी फार दुखत असेल, तर याच खिडकीतून गर्भाशय पाहतात. पाणी साधंच प्यायचं. बाटलीतलं फसफसणारं शीतपेय नको, त्यानं पोटात हवाच जाते.

पण धरून ठेवायचं म्हणजे डोळ्यांत पाणी येईपर्यंत नव्हे हं! रांग लांबली आणि आता अगदी सहन होत नाही असं वाटलं, तर तिथल्या ताईंना किंवा दादांना सरळ सांगायचं. थोडी लघवी करून परत पाणी पिता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही, ती माणसं हे दिवसातून वीस वेळा ऐकतात. शिवाय मूत्राशय फारच ताणलं, तर मूत्रपिंडंही उगाच फुगल्यासारखी दिसू शकतात. म्हणूनच कित्येकदा डॉक्टर एकदा बघून झाल्यावर म्हणतात, "जा, लघवी करून ये," आणि पुन्हा बघतात. परत का बोलावलं म्हणून घाबरायचं नाही. सगळी लघवी बाहेर पडते की थोडी आत राहते, हे त्यांना मोजायचं असतं.

गळ्याची, सांध्याची किंवा हाताच्या गाठीची सोनोग्राफी असेल तर यातलं काहीच लागत नाही. सकाळी पोहे खाऊन जा!

कपडे मात्र विचार करून घाला. मुलींनी एकसंध फ्रॉक घातला, तर पोट उघडं करायला सगळाच वर घ्यावा लागतो आणि मग संकोच वाटतो. वेगळा टॉप आणि सैल नाड्याचा पायजमा किंवा स्कर्ट बरा. जेवढा भाग बघायचा तेवढाच उघडा ठेवायचा, वर चादर मागायची. आई, बाबा किंवा मावशी, ज्यांना तुम्ही म्हणाल ते, तुमच्याबरोबर खोलीत थांबू शकतात. कुणी थांबायला नको म्हणालं, तर "मला आई हवी" असं स्पष्ट म्हणायचं.

अंधारी खोली

खोलीत अंधार असतो आणि एसीमुळं गारठाही असतो. अंधार तुम्हाला घाबरवायला नाही, पडदा नीट दिसावा म्हणून. मग पोटावर पडतं ते गारेगार जेल. पहिल्यांदा सगळेच दचकतात, मोठी माणसंसुद्धा. काही ठिकाणी जेल कोमट करून ठेवतात, पण भरवसा नाही. हे जेल कशाला? प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये केसाएवढी जरी हवेची फट राहिली, तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच माघारी फिरतो, आत जातच नाही. जेल ती फट बुजवतं. त्यात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळं नंतर पुसलं की झालं. तरी घरून एक जुना मऊ टॉवेल न्यावा, तिथला कागद नेहमी अपुरा पडतो.

मग डॉक्टर हुकूम सोडतात. "श्वास घे... धरून ठेव... सोड." यकृत आणि प्लीहा फासळ्यांच्या आड लपलेली असतात, आणि हाडांतून हा आवाज पलीकडं जात नाही. खोल श्वास घेतला की दोघी खाली सरकतात आणि फासळीच्या आडून बाहेर येतात. लपाछपीतला गडी आपण श्वासानं बाहेर काढतो म्हणा ना! "डाव्या कुशीवर वळ" म्हणतात ते पोटातली हवा बाजूला व्हावी म्हणून. खडा असेल तर कूस बदलल्यावर तो गडगडतो का, तेही दिसतं.

दुखत नाही, असं मी म्हटलं. पण जिथं आधीच दुखतंय तिथं प्रोब दाबला, तर दुखणारच. ते लपवू नका. अपेंडिक्सच्या शंकेनं आला असाल तर डॉक्टर उजवीकडं खाली हळूहळू दाबत जातात. चांगलं अपेंडिक्स दाबलं की चपटं होतं, सुजलेलं होत नाही. "इथं दुखतंय" हे तुमचं सांगणं त्यांना चित्राइतकंच उपयोगाचं असतं.

एक गोष्ट मात्र मुलांना फार टोचते. डॉक्टर बोलतच नाहीत! पडद्याकडं बघत बसतात, टकटक बटणं दाबतात, भुवया आक्रसतात. मुलाला वाटतं, झालं, आपल्याला काहीतरी भयंकर निघालं. तसं नसतं. ते मापं घेत असतात, मूत्रपिंड किती लांब, यकृत केवढं. आपण वहीत गणित मांडताना मध्ये कुणी बोललं तर चिडतो ना, तसंच. तरी सांगते, दोन वाक्यं बोलणारे डॉक्टर असले तर मुलाची निम्मी भीती तिथंच जाते.

पडद्यावर बघायला मिळालं तर जरूर बघा. काळं दिसतं ते पाणी, लघवी, पित्त, रक्त, कारण त्यांच्यातून प्रतिध्वनी येत नाही. करडं म्हणजे यकृतासारखे मऊ भाग. आणि चमकणारा पांढरा ठिपका, त्याच्या पाठीमागं काळी सावली असेल, तर तो बहुधा खडा. मुतखडा आवाज अडवतो, म्हणून त्याची सावली पडते, उन्हात आपली पडते तशी. कधी मध्येच लाल-निळे रंग चमकतात. लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध, असं नाही बरं का! साधारणपणे प्रोबकडं येणारं रक्त लाल आणि लांब जाणारं निळं दाखवायची पद्धत आहे. आगगाडी शिट्टी वाजवत जवळ येते तेव्हा शिट्टी चढी वाटते आणि पुढं गेली की उतरते, तेच हे तत्त्व. १८४२ साली ते डॉप्लरनं मांडलं, म्हणून याला डॉप्लर तपासणी म्हणतात.

धाकटं भावंडं घरात असेल तर त्याच्या टाळूवर हलकेच हात ठेवून पाहा, मऊ लागते ना? आजी तिच्यावर तेल घालते. त्या जागी हाड अजून भरलेलं नसतं. तेवढ्या खिडकीतून बाळाच्या मेंदूचीसुद्धा सोनोग्राफी करता येते! टाळू भरली, की ती खिडकी बंद.

सोनोग्राफीत एक्स-रेसारखे किरण नसतात, त्यामुळं गरज पडली तर ती पुन्हा करता येते. पण तिला सगळंच दिसतं असं मात्र नाही. हवा आणि हाड आडवं आलं की ती आंधळी. रिपोर्टात 'अपेंडिक्स दिसले नाही' असं लिहिलं, तर त्याचा अर्थ 'आजार नाही' असा होत नाही. 'नॉर्मल' या शब्दाचंही तसंच. दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीचा रिपोर्ट नॉर्मल आला. घरच्यांनी लगेच निकाल लावला, "बघा, नाटक करत होती." डॉक्टरांनी मात्र तिलाच बसवून विचारलं. शाळेतल्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी लागत नव्हती, म्हणून ती दिवसभर तिकडं जात नसे आणि जावं लागू नये म्हणून पाणीही पीत नसे. शौचाला खडा होऊन पोट दुखत होतं. दुखणं खरंच होतं, फक्त ते प्रोबला दिसणारं नव्हतं. कडी आता बसली आहे.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसलात, की भिंतीवर एक पाटी वाचायला मिळेल. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे, अशा अर्थाची. मुलं विचारतात, "बाई, आईच्या पोटात भाऊ आहे की बहीण, हे का नाही सांगत?" खरं उत्तर द्यायला हवं. या यंत्रानं आईच्या पोटातलं बाळ दिसतं, आणि ती मुलगी आहे असं कळल्यावर काही लोक तिला जन्मालाच येऊ देत नसत. महाराष्ट्रानं १९८८ साली देशात सर्वांत आधी याविरुद्ध कायदा केला. मग १९९४ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला आणि १ जानेवारी १९९६पासून तो लागू झाला. बाळ मुलगा की मुलगी हे डॉक्टरांनी शब्दानं, खुणेनं, कशानंही सांगायचं नाही, आणि घरच्यांनी विचारायचंही नाही. सांगणाऱ्या डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं १९९१च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या, त्या २०११मध्ये ८९४ उरल्या. वजाबाकी तुम्हीच करा. ग्लासगोच्या त्या डॉक्टरांनी जे यंत्र आयांचे आणि बाळांचे जीव वाचवण्यासाठी घडवलं, त्याच्या बाहेर ही पाटी लावावी लागते. आई सोनोग्राफीला गेली की तिच्याकडून वेगळा फॉर्म भरून घेतात, सही घेतात, तेही याचसाठी.

तपासणीला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. ती झाली, की लगेच डबा उघडायला हरकत नाही. रिपोर्ट टाइप होईपर्यंत बाहेर थांबावं लागतं, आणि तो ज्या डॉक्टरांनी पाठवलं त्यांनाच नेऊन दाखवायचा. शेजारच्या काकूंना दाखवून उपयोग नाही. आधी कधी सोनोग्राफी झाली असेल तर जुने रिपोर्ट आणि चित्रं एका फायलीत घालून बरोबर न्यावीत. पाच मिलिमीटरचा मुतखडा आता चारचा झाला की सहाचा, हे जुना कागद शेजारी ठेवल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.